टपावरचा एमिल

आमच्या ब्रॅडन्स फेरी गावात मला एमिल हुडाक म्हणून ओळखणारे थोडे. 'टपावरचा एमिल' म्हटलं की कुणीही घर दाखवेल. कारण तो फोटो. १९७४ चा सप्टेंबर, आमच्या बार्जमेन या बेसबॉल संघाने लीगचं अजिंक्यपद जिंकलं ती दुपार. स्टेडियमबाहेरचा रस्ता माणसांनी तुडुंब भरलाय आणि मधोमध एका हिरव्या गाडीच्या टपावर वीस वर्षांचा मी, दोन्ही हात आभाळात, तोंड एवढं उघडं की दाढा मोजून घ्याव्यात. पेपरात पहिल्या पानावर आला होता. न्हाव्याच्या दुकानात तो लावलाय, पिझ्झावाल्याकडे लावलाय. मध्यंतरी टी-शर्टवरही छापला.

पुढे संघ मोडला. मग पोलादाचा कारखाना बंद पडला आणि निम्मं गाव कामासाठी बाहेर गेलं. मागे राहिलेल्यांजवळ सांगण्यासारखं म्हणून चौऱ्याहत्तर साल तेवढं उरलं. दर सप्टेंबरात बर्नी स्क्लारच्या बारमध्ये आम्ही जमायचो आणि तीच मॅच पुन्हा पहिल्यापासून खेळायचो. कोण कुठे बसलं होतं, कुणाच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, कोण कारखान्यातून ताप आल्याचं सांगून निसटलं होतं. शेवटी बर्नी ओरडायचा, "एमिल, चढ रे!" आणि मी खुर्चीवर चढून हात वर करायचो. साठी उलटल्यावरसुद्धा. कुणी विचारलं, "गाडी होती कुणाची रे?" तर माझं उत्तर ठरलेलं असायचं, "देवाला ठाऊक, पण पत्रा आपल्याच कारखान्यातला होता. वाकला, मोडला नाही!" सगळे हसायचे. माझी बिअर कुणीतरी फुकट आणून ठेवायचं.

गेल्या वर्षी त्या विजयाला पन्नास वर्षं झाली. वाचनालयातल्या तेसा ओराव्हेट्झ नावाच्या मुलीने लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवायचं काम अंगावर घेतलं होतं. तिनेच अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी कार्यक्रम ठरवला. दोनशे माणसं आली. बायकांनी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी आणि भरलेल्या कोबीची भांडी आणली होती. संघातले सहा जुने खेळाडू हयात होते, त्यातले चार आले. शेवटचा झेल घेणारा रे डेलाकोर्ट काठी टेकत आत आला तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. माझ्या शेजारी बसलेल्या बर्नीने डोळे पुसले आणि मला म्हणाला, "बघितलंस? मेलो तरी आता चालेल."

तेसाला पेपरच्या जुन्या सामानात त्या फोटोची मूळ निगेटिव्ह सापडली होती. तिने तो भिंतीएवढा मोठा करून आणला होता. पडदा मी सरकवायचा होता. मी झोकात गेलो आणि दोरी ओढली. टाळ्या पडल्या.

मग टाळ्या कमी कमी होत गेल्या, कारण लोक फोटो निरखायला लागले. पेपरातल्या छपाईत गाडीची काच म्हणजे नुसता काळा चौकोन होता. इथे काचेआड माणूस दिसत होता. स्टिअरिंगमागे बसलेला, मान वाकवलेला, एक हात वर टपाला लावलेला. दुसरा हात खिडकीबाहेर होता. तो हात पेपरातही दिसायचा. आम्हाला वाटायचं, कुणीतरी जल्लोष करतंय. त्या हाताचं मनगट गर्दीतल्या एकाने घट्ट पकडलं होतं, तेही दिसत होतं.

"अरे, आत माणूस आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. "याला तर सगळ्यात पुढची जागा मिळाली की!"

हशा पिकला. मी हसलो नाही.

तिसऱ्या रांगेत एक बाई उभी राहिली. साठीची, काळी, निळा कोट, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. कार्यक्रमाला काळी माणसं सातआठच होती. चौऱ्याहत्तरच्या आठवणी निघायच्या तेव्हा बर्नीच्या बारमध्ये तेवढीही नसायची, आणि का नसतात असं आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"ते माझे वडील," ती म्हणाली. "लेम्युएल टॉलिव्हर. पोलाद कारखान्याच्या कोकभट्टीवर होते. आणि त्यांच्या मागे सीटच्या आडून डोक्यावर हात घेऊन बसलेली जराशी दिसतेय ना, ती मी. कॉर्लिस. दहा वर्षांची."

लोक फोटोतल्या मागच्या सीटकडे वाकून बघू लागले.

तेसा गडबडली. "तुम्हाला... तुम्हाला काही सांगायचंय का, मॅडम?"

"सांगायचं नाही, विचारायचंय. मिस्टर डेलाकोर्टना." ती खेळाडूंकडे वळली. "त्या वर्षी माझ्या वडिलांनी एकही मॅच सोडली नाही. कामाची पाळी असेल तर डब्यासोबत रेडिओ न्यायचे. शेवटच्या मॅचचं तिकीट मिळालं नाही, तर म्हणाले, निदान मैदानाच्या भिंतीला टेकून ऐकू. म्हणून गाडी तिथे लावली. शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद झाले, एकच उरला होता, चेंडू हवेत उडाला, आणि तेवढ्यात आतून आरोळी उठली. रेडिओवरचा माणूस सांगायच्या आतच. रस्त्यावरची माणसं गाडीवर चढली. एरियल मोडली. नुसती खरखर. तो झेल कसा झाला, ते आम्ही कधी ऐकलंच नाही. वडिलांनी पुन्हा बेसबॉल लावला नाही. मला ते ऐकायचंय. बाकी काही नाही."

रे डेलाकोर्ट काठीवर जोर देऊन उठला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याने माइक घेतला नाही. चालत तिच्या रांगेपर्यंत गेला.

"चेंडू उंच गेला होता, मॅडम," तो म्हणाला. "ऊन डोळ्यांत. पहिल्यांदा मी पुढे धावलो, चुकलं माझं. मग पाठ फिरवून मागे. सहा, सात पावलं. भिंत जवळ आली हे पायाखालचं गवत संपून वाळू लागली त्यावरून कळलं. हात वर केला आणि खरं सांगतो, डोळे मिटले. हातमोज्यात काहीतरी बसलं. पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आलोय की मी चेंडूवरची नजर हलवली नाही. हलवली होती." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्या वडिलांना हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. भट्टीवरच्या लोकांनी आम्हाला फार जपलं."

"थँक्यू," ती म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. आवाज तसाच, शांत. "मिस्टर हुडाक, आणखी एकच. वडील आतून टपावर ठोकत होते. खूप वेळ. तुम्हाला कळलं होतं का?"

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "एवढा गोंगाट होता. नाही कळलं हो."

तिने मान हलवली आणि खाली बसली. बर्नी उठून म्हणाला, "पोरं होतो आम्ही, मॅडम. आनंदाने वेडे झालो होतो. वाईट हेतू कुणाचाच नव्हता." लोकांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पिरोगी गरम असल्याची घोषणा केली.

मला कळलं होतं. बुटांच्या तळव्यांतून कळलं होतं. ठक, ठक, ठक. मी थांबलो होतो. गुडघे वाकवून काचेतून आत बघितलं होतं. उलटा दिसणारा एक घामेजलेला चेहरा, ओठ हलत होते. 'पोरगी' असा शब्द होता त्या ओठांवर, हे मला तेव्हाच समजलं होतं. त्याने बोट मागे दाखवलं. मी मागे बघितलं नाही. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली, "ए पोरा, वर बघ!" मी सरळ झालो आणि उडी मारली. एकदा नाही. टप खाली बसेपर्यंत.

घरी येताना गाडी माझी बायको लोरेन चालवत होती. पुलावर आल्यावर ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"काय?"

"एमिल, पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. खोटं बोलताना तू वाक्याच्या शेवटी 'हो' जोडतोस." घरी तिने मला वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

रविवारी चर्च सुटल्यावर तेसाकडून पत्ता घेतला आणि गेलो. टेकडीवरचं छोटं घर, ओसरीवर कुंड्या. कॉर्लिस टॉलिव्हर दाराशी आली, जाळीचं दार तिने उघडलं नाही.

"काल मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मला ठोकलेलं कळलं होतं. मी आत बघितलंही होतं."

"मला ठाऊक आहे."

"तुम्हाला..."

"तुम्ही थांबलात तेव्हा मला वाटलं, उतरले. मी डोकं वर काढलं. पुढच्या काचेत तुमचा उलटा चेहरा दिसत होता. मग तो वर गेला आणि बूट पुन्हा आदळायला लागले." जाळीमुळे तिचा चेहरा धूसर दिसत होता. "सगळ्यांसमोर विचारलं, कारण वाटलं होतं, एवढी वर्षं गेली, आता तरी हा माणूस सांगेल."

"मी माफी मागायला आलोय."

"इथे? माझ्या ओसरीवर? इथे तर कुणी ऐकतही नाही, मिस्टर हुडाक. खोटं तुम्ही हॉलमध्ये बोललात, आणि खरं मात्र एका बाईच्या कानात सांगून मोकळे होणार."

पायऱ्या उतरायला लागलो तर तिने मागून विचारलं, "गाडीत मिस्टर स्क्लार असते, बर्नीचे वडील, तर उतरला असतात?"

मी वळलो.

"असतो," मी म्हणालो. "लगेच."

"हं," ती म्हणाली आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं.

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. पण उत्तर शोधावं लागलं नाही, ते तयारच होतं, हे मला फार लागलं.

मंगळवारी वाचनालयात गेलो. तेसाने छोट्या खोलीत यंत्र सुरू केलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "नाव सांगा आणि त्या दिवशी तुम्ही कुठे होतात ते सांगा." मी सांगितलं. ठोकणं सांगितलं, चेहरा सांगितला, पोरगी सांगितली, उड्या सांगितल्या. बर्नीच्या वडिलांसाठी उतरलो असतो, आणि टॉलिव्हर काळे होते म्हणून उतरलो नाही, तेही सरळ शब्दांत सांगितलं. हॉलमध्ये 'नाही' म्हणालो तेही. अकरा मिनिटं लागली. तेसा संपूर्ण वेळ यंत्राकडे बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "हे सगळं ठेवायचं ना?"

"ठेव. आणि हॉलमध्ये लाव. माझी उभं राहायची हिंमत असती तर शनिवारीच बोललो असतो."

"तेव्हा तुम्हीही तिथे बसलं पाहिजे," ती म्हणाली. पंचवीस वर्षांची पोर, पण बोलली ते बरोबर होतं.

पुढच्या शनिवारी तेसाने ते हॉलमध्ये ऐकवलं. चाळीसेक माणसं होती. मी पुढच्या खुर्चीवर बसून स्वतःचा आवाज ऐकला. मान वर होत नव्हती. कॉर्लिस शेवटच्या रांगेत होती. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. ती उठली आणि निघून गेली. माझ्याजवळ आली नाही, आणि तिने यावं असा माझा काही हक्कही नव्हता.

बर्नीने मला बाहेर गाठलं.

"काय मिळवलंस रे? या गावापाशी एक चांगली गोष्ट होती. एकच! तीही घाण करून टाकलीस."

"घाण मी तेव्हाच केली होती, बर्नी. आज फक्त सांगितलं."

"पन्नास वर्षं झाली! तो माणूस मेला!"

"त्याची मुलगी आहे."

"लेका, फोटोत तू एकटा नाहीस. गाडीला धक्के देणारे दहा जण आहेत. त्यातला एक मी आहे. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. डाव्या चाकाजवळ लाल टोपी घातलेला. पन्नास वर्षं तो ती टोपी अभिमानाने दाखवायचा. तो गाडीत बसला आणि निघून गेला. तेव्हापासून त्याच्या बारमध्ये मी गेलेलो नाही. त्याने बोलावलेलंही नाही. त्याने आपल्या भिंतीवरचा फोटो काढलाय असं लोरेनने ऐकलं. कशासाठी काढला, माझ्यावरच्या रागाने की आणखी कशाने, ते मी विचारायला गेलो नाही.

वाचनालयात तो मोठा फोटो आहे. खाली आता लेम्युएल आणि कॉर्लिस टॉलिव्हर अशी नावं आहेत, आणि माझं नाव तिसरं. तेसाने विचारलं होतं, तुमचं काढू का? मी नको म्हणालो.

कॉर्लिस मला मार्चमध्ये किराणा दुकानात दिसली. बटाट्यांपाशी. मी ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत निघालो होतो, तेवढ्यात तिने बघितलं.

"मिस्टर हुडाक," ती म्हणाली. "डेलाकोर्ट गेले म्हणे काल."

"हो. सकाळी कळलं मला."

"भला माणूस होता."

"हो."

तिने चार बटाटे निवडून पिशवीत टाकले. मी तिथेच उभा होतो. तिने पिशवीला गाठ मारली, मान किंचित हलवली आणि पैसे द्यायच्या रांगेकडे गेली.