पोत्यातल्या बॅटऱ्या

१. फोडणे

लाखेवर दोन ठसे होते. एक मदनशेठच्या अंगठीचा, एक चंद्राबाईच्या अंगठ्याचा. दोन्ही शाबूत.

नमुने तपासणाऱ्या आम्रपालीने सुतळी कापली आणि मिरजेच्या प्रयोगशाळेतल्या फरशीवर पोतं उलटं केलं. आतून टॉर्च पडले. पत्र्याचे, पितळेचे, एक निळ्या प्लास्टिकचा. बटण दाबून रात्री रानात न्यायचे, ते.

यायला हव्या होत्या ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या. जतच्या अलीकडे तिच्या मावशीच्या गावात मदनशेठची शेड आहे. तिथे या बॅटऱ्या फोडून शिसं काढतात. शेडमागचं काळं पाणी चरातून वस्तीच्या विहिरीकडे जातं. नमुन्यातून मर्यादेबाहेर शिसं सुटलं तर तो कचरा धोकादायक ठरणार आणि शेड हलणार. नाही सुटलं तर तक्रार बंद, विहीर आहे तशी.

तिच्या मनात पहिलं नाव आलं मदनशेठचं. दुसरं, पोतं घेऊन आलेल्या भाऊसो कोतवालाचं. तिसरं नाव मावशीचं होतं. ते तिने येऊ दिलं नाही, पण ते आलंच.

एसटीडी बूथवरून तिने साहेबांना फोन केला.

“सील तुम्ही एकट्याने फोडलंत?”

“हो.”

“पंचांमधल्या चंद्राबाई तुमच्या कोण?”

“मावशी.”

“पोत्यातला माल शेडमधला नव्हता असं ठसे देणाऱ्या दोघांनी कबूल केलं, तरच दुसरा नमुना. नाहीतर हाच.”

२. हलवणे

(फोडलेला माल आम्लाच्या पाण्यात टाकून रात्रभर हलवतात. आतलं विष पाण्यात उतरतं का, ते बघायला. इथे, गावच्या चावडीवर, हलवायला भाऊसो होता.)

— भाऊसोकाका, पोतं वाटेत कुणी उघडलं?

— कोन उघडंल? मांडीवर घिऊन आलोय की.

— मग आत हे काय?

— बॅटऱ्या.

— काका!

— आगं, सायबाचा निरोप काय? वापरलेल्या बॅटऱ्या जमा करा. घरोघर फिरलो. लोकं देतील तर शपथ! कुटं तरी चोरी झाली, तिचा तपास हाय म्हनं. निम्म्यांनी लपवल्या. नानासोनं तर राखंनं घासून दिली, बोटाचं ठसं जावं म्हनून.

— नानासोने काय चोरलंय?

— त्येच गाव इचारतंय.

आम्रपाली हसली. मग हसू आवरलं.

— बॅटरी म्हणजे ही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

— बॅटरी कळाया मास्तर लागतोय व्हय?

— शेडमधल्या त्या बॅटऱ्या नव्हेत?

— त्यास्नी आमी खोकी म्हनतो.

हा माणूस इतका भोळा असेल? की भोळं कसं दिसायचं हे याला कुणी शिकवलंय? ती शेजारी उभ्या मावशीकडे वळली.

— मावशी, पोतं शिवताना तू आत पाहिलं नाहीस?

— बघितलं की. माझी बी घातली. मला वाटलं, शेडातलं खाली असंल, ह्या वर घालायच्या असतील.

तिसरं नाव पुसलं गेलं. पूर्ण नाही.

३. गाळणे

चावडीच्या कट्ट्यावर सगळे टॉर्च मांडले. ज्याने त्याने आपला उचलला. नानासोचा लांबूनच चमकत होता. तो त्याने पटकन धोतरात घेतला, आणि सगळे त्याच्या धोतराकडे बघत राहिले.

शेवटी एक उरला. तीन सेलचा, पितळी. भांड्यांवर घालतात तसं त्यावर नाव घातलेलं होतं: ‘मदन यास कस्तुरीअक्काकडून.’

मदनशेठ पिंपळाखाली उभा होता.

“शेठ, तुमची न्हाई का ही?” चंद्राबाईने विचारलं.

“असल्या सांगलीच्या पेठेत ढिगानं मिळतात.”

“बरं. मग मी नेते. माझीचा उजेड लय कमी हाय, आन् विहिरीचं पाणी आताशा बघूनच भरावं लागतं.”

तिने बटण दाबलं. उजेड पिंपळाच्या बुंध्यावर पडला, मग शेठच्या तोंडावर.

“इकडे द्या,” शेठ पुढे आला. “अक्का गेली गेल्या साली.”

चंद्राबाईचा हात पुढे झाला, पण आम्रपालीने तो धरला. “पोत्यात ही तुम्हीच टाकलीत ना?”

“मग? सरकारनं बॅटरी मागितली. सगळ्यांनी दिली, मी पण दिली.”

“म्हणजे शेडमधलं काहीच आत नव्हतं.”

शेठ टॉर्चवरच्या नावावरून बोट फिरवायला हात पुढे करून उभा होता.

“नव्हतं.”

“ऐकलं का रं समद्यांनी?” भाऊसो ओरडला.

शेठला हा घोळ पोतं शिवतानाच कळला होता आणि तो गप्प बसला, की तोही भाऊसोसारखाच फसला? आम्रपालीने त्याचा चेहरा निरखला. हातात टॉर्च आल्यावर तो फक्त काच पुसत होता.

“पण मावशीच्या हातचं जेवलेल्या पोरीकडं माझा माल नको,” तो म्हणाला. “साताऱ्याला तपासा.”

तिला राग आला. त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

“तपासा,” ती म्हणाली.

४. वाचणे

या वेळी ‘बॅटरी’ हा शब्द कुणी काढलाच नाही. आम्रपाली बोट दाखवायची, भाऊसो उचलायचा. फुटकी खोकी, शिशाच्या पट्ट्या, डब्यात चरातला चिखल. लाखेवर पुन्हा दोन ठसे.

साताऱ्याच्या एसटीत चंद्राबाई खिडकीशी बसली. पोतं पायाशी, त्याच्या सुतळीचं टोक तिच्या मनगटाला बांधलेलं. मागच्या सीटवर मदनशेठ, मांडीवर टॉर्च. भाऊसो दोघांच्या शेजारी, मधल्या वाटेत, पिशवीवर.

“तिथं काय करत्यात गं ह्येचं?” चंद्राबाईने खिडकीतून खाली उभ्या आम्रपालीला विचारलं.

“फोडतात. आम्लात हलवतात. गाळतात.”

“आन् मंग?”

“मग वाचतात.”

“कोन?”

“यंत्र असतं, मावशी. त्यावर आकडा येतो, तो वाचतात.”

“आसं व्हय. मला वाटलं, आपुन.”

कंडक्टरने घंटी मारली. चंद्राबाईने मागे वळून पाहिलं. मदनशेठ सुतळीकडे बघत होता. तिने मनगटावर आणखी एक गाठ मारली.