ठकुबाईची चौकट

बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या मराठी साप्ताहिकात बातम्या कमी आणि बारशी जास्त. तरीही हेमलता ते हातात पडलं की आधी शेवटचं पान उघडायची. तिथे कोपऱ्यात एक चौकट दर आठवड्याला जशीच्या तशी असे : 'ठकुबाई, घरी ये. कुणी रागावणार नाही.' छपाईचे खिळे झिजून अक्षरं पुसट झाली होती, पण चौकट हलत नव्हती.

ही ठकुबाई कोण, हा भुंगा हेमलताच्या डोक्याला लागला. लागणारच! घरच्यांना न जुमानता तिने उमाकांतशी लग्न केलं होतं आणि त्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी पुण्याहून इथे येऊन पडली होती. तेव्हापासून माहेरी तोंड दाखवायची तिची छाती होत नव्हती.

एकसष्ट साली साप्ताहिकाला दहा वर्षं होत होती. खास अंकात गावातल्या जुन्या मराठी घरांचा इतिहास लिहायला कुणीतरी हवं होतं. हेमलता आपणहून गेली. इतिहासाशी तिला काय देणंघेणं? तिला ठकुबाई हवी होती.

ती घरोघर हिंडली. कुणाचे पणजोबा फौजेबरोबर आलेले, कुणाचे कापडाचे गठ्ठे घेऊन. लोक हौसेने सांगत. ठकुबाईचं नाव काढलं की मात्र "स्वल्प कॉफी घ्या की," म्हणत पेला पुढे करत, आणि विषय तिथेच संपे.

छापखाना संपादक शिवाप्पांच्या ओसरीवरच होता. त्यांची मुलगी तिथे बसून अंकांच्या घड्या घाली. सारा गाव तिला अक्का म्हणे, म्हणून हेमलताही अक्काच म्हणे. दोघींचं छान जमलं होतं.

अंक जुळवायच्या दिवशी हेमलताचा लेख चार ओळींनी जास्त झाला. दोऱ्याने बांधून ठेवलेल्या चौकटीच्या खिळ्यांकडे बोट दाखवत ती म्हणाली, "अण्णा, एवढ्या अंकापुरती ही काढू या का?"

शिवाप्पांचा हात थांबला. "मला नको विचारू. अक्काला विचार. तिची हाय ती."

हेमलता अक्काकडे वळली.

"मीच ठकुबाई," अक्का घडी घालता घालता म्हणाली. "एका लॉरीवाल्याबरोबर पळून गेलते. तुमकूरला शेंगा घेतल्या, तर पुडीच्या कागदावर हेच. त्रेपन्न साली आले परत."

"मग अजून कशाला छापता?"

"अण्णा काढणारच होते. मी नको म्हटलं. माझ्यामागून आणखी दोन पोरी आल्या, आपापल्या घरी. नाव माझं असलं म्हणून काय झालं? वाचणारीला कळतंय."

हेमलताने विचारलंच, "आणि खरंच कुणी रागावलं नाही?"

अक्का खो खो हसली. "रागावले नाहीत तर! अण्णांनी तोंड फिरवलं. अव्वानं, माझ्या आईनं, दारातच शिव्या घातल्या. शिव्या घालत घालतच ताट वाढलं."

शिवाप्पा खाली मान घालून उगाचच खिळे पुसत राहिले.

हेमलताने आपल्या लेखातल्या चार ओळींवर काट मारली. मग पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "अक्का, पुढच्या आठवड्यात मी नसेन."

"कुठं चाललाय?"

"पुण्याला. शिव्या खायला."

"सरी, चालतंय," अक्का म्हणाली, "उपाशी पोटी जावा."