शिल्लक निरक्षर : निरंक

पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि झाकण खडखडलं. शुभ्राचा डोळा नुकताच लागला होता. मी धावत जाऊन तो उचलला, तरी तिनं कूस बदललीच. लेक पाच वर्षांची आहे, दुपारी तासभर झोपते, आणि माझं जे काही माझं म्हणून असतं ते त्या तासात उरकायचं असतं.

मेसेज उपसरपंच गोरखभाऊंचा. ‘अश्विनी, तालुक्याच्या मॅडम आज तीनला येतायत. साक्षरता वर्गाची हजेरी वही घेऊन समाजमंदिरात ये. समितीच्या सह्या झाल्या की विषय संपला.’

मी वही काढली, परत ठेवली, परत काढली. दूध ओट्यावरच राहिलं होतं, ते झाकलं. मग झाकलंय का ते पुन्हा बघून आले.

दोन वर्षं मी वाडीतल्या बायकांना दुपारी लिहायला-वाचायला शिकवते. माझं माहेर वेल्ह्याचं. आईला सही येत नाही, तिला मी कधी शिकवलं नाही आणि इथं परक्यांच्या आयांना शिकवते, हे मनात खुपतंच. नऊजणी बसायच्या. मार्चमध्ये परीक्षा झाली, नऊच्या नऊ पास. गोरखभाऊंनी पेढे वाटले. वर्गावर देखरेख ठेवायला ग्रामपंचायतीची समिती असते, तिच्यात ‘नवसाक्षर महिला’ म्हणून त्या नऊजणींतल्या फुलाबाईंना घेतलं. आता समितीनं लिहून द्यायचं होतं की गावात निरक्षर कुणी उरलं नाही. मग वर्ग बंद, आणि समाजमंदिराची ती खोली भजनी मंडळाला.

पण फुलामावशींना वाचता येत नव्हतं. त्यांचा पेपर मी लिहिला होता.

शिकवायची माझी रीत एकच. मागून वाकायचं, त्यांच्या राठ बोटांवर आपली बोटं ठेवायची आणि अक्षर काढायचं. चार-सहा दिवसांनी आपला हात हलका करत न्यायचा. बाकीच्यांच्या हातावरून तो सुटला, मावशींच्या सुटेना. परीक्षेला छापील कागद समोर आला आणि त्यांचं पेन वरच अडलं. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या कागदाकडं बघत बसल्या. मी सवयीनं वाकले. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं, मी काय करतेय. तरी थांबले नाही. शुभ्रा शेजारी पाटीवर रेघोट्या ओढत होती.

त्यानंतरही मावशींनी एक दिवस चुकवला नाही. “पास झाली म्हनं मी,” असं म्हणून हसायच्या आणि पाटी पुढं ओढायच्या. “मालक गेले तवा एका कागदावर माजा अंगठा घेतला. काय हुतं त्यात, अजून ठावं न्हाई. पुन्यांदा तसं नको बाई.”

अडीचला शुभ्राला उठवलं. अर्धवट झोपेत ती खांद्यावर लोंबत होती. समाजमंदिरात सतरंजी घातलेली, बायका आधीच येऊन बसलेल्या. तालुक्याच्या सौदामिनी मॅडम खुर्चीवर. बारीक चणीच्या, घाम पुसत होत्या, पण नजर वहीवर. त्यांनी हजेरी चाळली.

“परीक्षेनंतरही फुलाबाई रोज हजर? पास झालेलं माणूस सहसा परत येत नाही हो.”

“आवड आहे त्यांना,” मी म्हणाले.

गोरखभाऊंनी अहवाल पुढं केला. “मावशी, तुमी आता आमच्या सायबीण. मारा सही.”

“सायबीण हाय तर खुर्ची कुठाय माजी?” मावशी म्हणाल्या. बायका हसल्या.

“फुले, उरक की,” वर्गातल्या बाळाबाई म्हणाल्या, “तुला नाव लिवाया अर्धा दिस लागतो. मॅडमची गाडी जायची.”

सही तेवढी मावशींना येते, रांगोळी काढावी तशी. त्यांनी पेन हातात घेतलं. टेकवलं नाही. कागद माझ्याकडं सरकवला.

“आश्विनी, काय लिवलंय त्ये वाच.”

“अहो मावशी, नेहमीचंच हाय,” गोरखभाऊ म्हणाले.

“मग वाचाया काय जातंय?”

काहीही वाचून दाखवता आलं असतं मला. ‘वर्ग चांगला चालला’ असं म्हटलं असतं तरी त्यांनी सही केली असती. शुभ्रा मांडीवर जागी होऊन माझ्या तोंडाकडं बघत होती. मी बोट ठेवून वाचलं, “गावातील शिल्लक निरक्षर, निरंक.”

“निरंक म्हंजी?”

“म्हणजे एकही नाही. मग वर्ग बंद होतो, मावशी.”

मावशींनी पेन खाली ठेवलं. “असं कसं? एक हाय की अजून.”

“कोण?” मॅडमनी विचारलं.

“मी.”

गोरखभाऊ माझ्याकडं बघायला लागले. मॅडमनी चष्मा काढला. “आजी, तुम्ही तर पास आहात. मग पेपर कुणी लिहिला?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण मावशी आधी बोलल्या.

“माजीच चूक. हिच्या पाया पडले मी, लिव म्हनलं. ही न्हाईच म्हनत हुती. म्हातारीचं रडनं बगून लिवलं पोरीनं.”

आता मी बोलायला हवं होतं. मी वहीची कड दुमडत राहिले.

मॅडमनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी ‘निरंक’ खोडलं आणि तिथं ‘एक’ लिहिलं. “वर्ग बंद करता येणार नाही, उपसरपंच. खोलीचं पुढचं पुढं बघा. आजींना पुढच्या परीक्षेला परत बसवा. आणि अश्विनी, आजींनी पदर पसरला म्हणून या वेळी सोडते.”

“हो मॅडम.” एवढंच आलं माझ्या तोंडून.

“उद्या वर्गाला येते गं,” मावशी जाता जाता म्हणाल्या. मला बघवेना त्यांच्याकडं.

घरी निघाले तर पाय नुसते पळत होते, शुभ्राला ओढत. वर्ग वाचला होता. मीही वाचले होते. कॅनॉलच्या पुलावर तिनं हात सोडवून घेतला आणि उभीच राहिली.

“आई, पेपर लिहिताना फुलाआजी तर काहीच म्हणाली नव्हती. रडलीपण नव्हती. मग ती खोटं का बोलली?”