शाळेच्या झाडाचं टेबल

ब्रॉनविनने फडक्यावर तेल घेतलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पहिला हात फिरवला. ब्लॅकवुडचं तपकिरी लाकूड क्षणात गडद झालं. आतले सोनेरी पट्टे उजळून वर आले.

"झालं! वाटोळं केलंस," स्टुलावरून मर्विन म्हणाला.

"आत्ता तर सुरुवात आहे, बाबा. वाटोळं व्हायला जरा वेळ दे."

मर्विन पर्डीने उभी हयात या शेडमध्ये फर्निचरला पॉलिश केलं होतं. लाखेचं फ्रेंच पॉलिश, चेहरा दिसेल असं. ह्युऑन नदीच्या काठाने कुठल्याही जुन्या घरात जा, बैठकीतलं चकाकतं कपाट त्याच्या हातचं असायचं. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून गावाच्या सभागृहाचं हे टेबल लेकीने हातात घेतलं होतं. शाळेच्या आवारातलं ब्लॅकवुड वादळात पडलं, त्याच्या या फळ्या. त्या झाडाखाली अख्ख्या गावाने डबे खाल्ले होते. काम बिघडलं, तर तसलं दुसरं लाकूड आणायचं कुठून?

"फ्रेंच पॉलिश कर. लोक बघत राहतील."

"लोक तिथे चहा प्यायला येणार. गरम मग ठेवला की तुझ्या लाखेवर पांढरा गोल उठतो."

"मग खाली बशी ठेवा म्हणावं."

"आगीच्या बंबावरच्या पोरांना तू सांगशील ते? तेलाचं बरं असतं. डाग पडला तर घासायचं, पुन्हा तेल लावायचं. गावाचं झाड आहे बाबा, गावाने वापरू दे."

मर्विन पुटपुटत उठला आणि घरात निघून गेला.

पुढे काही दिवस तो शेडकडे फिरकला नाही. जेवताना मात्र ती काही विचारते का, याची तो वाट बघत होता. सभागृहाच्या टेबलाला कडेने तिने ह्युऑन पाइनची पिवळीधमक पट्टी बसवली होती. त्या लाकडाच्या अंगातच तेल. वरून लावलेलं वाळतच नाही, चिकट राहतं. पोरगी तिथे अडकणार, आपल्याकडे येणार. तोवर आपण होऊन बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

ती आली नाही. शेवटी तोच गेला.

ब्रॉनविन पट्टी स्पिरिटने पुसून तिच्या अंगचं तेल काढत होती. मग तिने कापूस सुती कापडात गुंडाळला, पिळा मारून पुरचुंडी केली, लाखेत बुडवली आणि तळहातावर दाबून बघितली. एका दमात, कुठेही न थांबता, तिने पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात नेला. मर्विन वाकला. खिडकीच्या उजेडात त्याने सगळी कड तिरकी न्याहाळली. ओघळ नाही, सांधा नाही. तो सावकाश सरळ झाला.

"लाख लावलीस?"

"हिला लाखच मानवते. वर गरम मग ठेवायचे नसते, तर ब्लॅकवुडलाही लावली असती."

मर्विनने मान हलवली. मग म्हणाला, "दुसरा हात पातळ दे."

"तेच करणार होते."

शनिवारी नवं टेबल बघायला सभागृह गच्च भरलं. हेस्टर क्रॅब चर्चची व्यवस्था बघायची. तिने टेबलावरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला.

"मर्विन, हात अजून तसाच आहे हं तुझा!"

टेबलापलीकडे ब्रॉनविन चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही. हे तिच्या सवयीचं होतं.

"माझा कुठला?" मर्विन एवढ्या मोठ्याने म्हणाला की शेजारचे वळून बघू लागले. "हिचं काम आहे हे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तर रुसून घरात बसलो होतो."

लोक हसले. हेस्टरही हसली. "बरं बाबा. आमच्या चर्चचं दार बघायला कधी येतोस? ओकचं आहे. मला वाटतं, त्याला फ्रेंच पॉ—"

"हेस्टर, मला काय विचारतेस? आधी तिला सवड आहे का विचार. मी हाताखाली आहे तिच्या."

ब्रॉनविनचा हात थांबला. तिने किटली खाली ठेवली, हात पुसले.

"दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे? ऊन-पाऊस किती लागतो त्याला?" तिने हेस्टरला विचारलं.

मर्विनने खुर्ची ओढली आणि उत्तर ऐकायला लेकीशेजारी बसला.