सरासरी अडतीस

बायकोच्या खांद्यावर पहिला लाल चट्टा दिसला, तेव्हा त्यानं मावशींना गाठलं. शुश्रूषागृहात तिला रोज सकाळी आंघोळ घालायचं काम त्यांचं.

"पाराकाका, तो भिंतीवरचा काटा बघा. अडतीस अंश म्हणजे अडतीस," मावशी रबरी मोजे चढवत म्हणाल्या. "तुमच्या बायकोचं कातडंच लोण्याचं, त्याला मी काय करू?"

पक्षाघाताचा झटका येऊन बायकोची वाचा गेली होती. एक हात आणि मान तेवढी हलायची. ह्यानं तीस वर्षं एका प्रयोगशाळेत वाहत्या पाण्याचं तापमान मोजलं होतं आणि ते भेटेल त्याला सांगितलंही होतं, म्हणून तो पाराकाका.

नळ पाहताच त्याच्या लक्षात आलं. गरम आणि गार पाणी जिथे एकत्र येत होतं, तिथून फवारा जेमतेम वीतभर लांब. तेवढ्यात पाणी मिसळत नाही. गरम लोट गारातून तसेच धावत बाहेर पडतात. भिंतीवरचा काटा सुस्त. एक लोट आला हे त्याला कळेपर्यंत मागून गार आलेलं असतं. मग तो दोघांची सरासरी दाखवतो आणि सगळे खूश.

तो व्यवस्थापिकेकडे गेला. मॅडमनी मान वर न करता विचारलं, "पुरावा?"

पुरावा म्हटल्यावर म्हाताऱ्याच्या अंगात बळ आलं. केसाहून बारीक तार आणि नोंदयंत्र घेऊन तो दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात हजर झाला. ही तार सेकंदाला हजार वेळा पाण्याचं तापमान मोजायची. पहिल्याच सकाळी एकदा सत्तर अंश आले. दीड सेकंद. बायकोच्या घशातून आवाज निघाला. त्यानं वेळ लिहून घेतली.

एकावरून काही ठरत नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. असे मोठे चटके क्वचित येतात, पण माणूस धरून चालतो त्याहून पुष्कळ जास्त वेळा येतात. ते दाखवायचं तर ढीगभर नोंदी हव्यात. त्याही आंघोळ चालू असतानाच्या, नाहीतर मॅडम म्हणणार, रिकामा नळ सोडून काढल्यात. तो रोज यायचा, तार धरायचा, लिहायचा. बायको त्याच्याकडे बघत असायची. तो यंत्राकडे.

एकविसाव्या दिवशी त्यानं कागद मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्रेचाळीस चटके, तारीखवार. बाईंनी शेवटपर्यंत वाचले.

"तुमचं बरोबर आहे काका. नळ आजच बदलायला सांगते." मग त्यांनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं. "तीन तारखेलाच कळलं होतं तुम्हाला?"

"हो, पण एका नोंदीवरून..."

"बादलीत घेतलं की पाणी मिसळतं ना?"

"मिसळतं."

"मग बादलीनं घाला, एवढं मावशींना सांगायला काय झालं होतं?"

बादलीचा विचार एकवीस दिवसांत त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मॅडमनी कागद फाइलला लावले. "हे राहू देत माझ्याकडे. तुमच्याच हातचं आहे, उद्या कुणी विचारलं तर कामाला येईल."

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं न्हाणीघरात गेला. मावशींनी बादली भरली होती. त्यानं पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ढवळलं, पुन्हा ढवळलं, आणि तांब्या उचलला. "आज मी घालतो."

बायकोनं चालत्या हातानं मावशींचं मनगट घट्ट पकडलं आणि मान फिरवली.

"काका, बाहेर थांबा," मावशी म्हणाल्या.

"पाणी कोमट आहे. मी बघितलंय."

"पाण्याचं नाही हो. मी एकटी असले की ती गप बसते. तुम्ही आत आलात की अंग चोरते. गेले पंधरा दिवस हेच चाललंय. म्हटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

त्यानं तांब्या मावशींच्या हातात दिला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. बायकोचा आवाज आला नाही.