उशिरा पोहोचलेलं पिठलं

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. तुम्ही कदाचित मला पातेलं म्हणाल. म्हणा बापडे! पण माझा जन्म भंडाऱ्याचा, आणि आमच्याकडे पातेल्याला गंजच म्हणतात. तिथल्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि नरहरी नावाच्या माणसाने विकत घेतलं. त्याला भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा तो मलाही रेल्वेने सोबत घेऊन आला.

सेक्टर २च्या क्वार्टरांमध्ये विदर्भातली बरीच कुटुंबं होती. गणपती असो, बारसं असो की कोणाच्या पोरीचं लग्न असो, चुलीवर मीच. नाईट शिफ्ट करून आलेली माणसंसुद्धा पंगतीत बसायची आणि माझ्यातलं वरण ओरपायची. "गंज पाहा कसा चमकून राहिला!" असं कोणी म्हटलं की मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

पुढे केटरर आले, त्यांची स्टीलची भांडी आली. नरहरीही गेला. मी मराठी मंडळाच्या खोलीत थर्माकोलच्या मखराखाली पडून राहिलो. कल्हई उडाली, अंग काळं पडलं. एका उंदरीने माझ्यात संसार थाटला. इतक्या लोकांना जेवू घातलं आणि शेवटी हे! फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस मंडळात स्वयंपाक करणाऱ्या बेबीताईने मला बाहेर काढलं. तिला एका ऑफिसच्या शिबिराचं काम मिळालं होतं. तिने मला चिंचेने घासलं, कल्हई करून आणली. मी हरखून गेलो. म्हटलं, आता वरण! कसलं वरण? धरणाकाठी आंब्याखाली पोहोचल्यावर त्या ऑफिसच्या प्रमुख रेणू मॅडमनी माझ्यात सगळ्यांचे मोबाईल टाकायला लावले आणि वर झाकण घातलं. "घरी जाईपर्यंत कोणी हात लावाचा नाही," त्या म्हणाल्या. काय हा अपमान! माझं पोट काय त्यासाठी आहे?

या लोकांचं काम म्हणजे दुसऱ्यांसाठी लिहिणं. दुकानाचं उद्घाटन, शाळेची सूचना, सणाच्या शुभेच्छा, सगळं हेच लिहिणार आणि मोबाईलवरून गावभर पाठवणार. दिवसभर स्क्रीनसमोर बसून त्यांचे डोळे लाल झालेले, माना आखडलेल्या. पहिल्या दिवशी बिचारे सारखे खिसे चाचपत होते. ऊन उतरलं तशी माणसं जरा निवळली. कोणी पाण्यात पाय सोडून बसलं, कोणी सतरंजीवर चक्क घोरलं. रेणूचं रोज दुखणारं डोकं त्या दिवशी दुखलं नाही.

त्यांच्यातला शुभम मात्र निवळला नाही. ऑफिसात तो रेणूच्या बाजूलाच बसायचा, पण कित्येक महिने तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. महिनाअखेर नोकरी सोडतो, एवढंच त्याने सांगितलं होतं. का, ते नाही. "इथं तरी तोंड उघडेल का हो हा?" असं रेणू बेबीताईला विचारत होती.

दुसऱ्या दिवशी बेबीताई वैतागली. "बाई, हे मोबाईल काढा. एवढ्या लोकायचं पिठलं मी काय हातावर करू?" मोबाईल पिशवीत गेले आणि माझ्यात फोडणी पडली. अहाहा! किती वर्षांनी! रेणू पिठलं घोटायला बसली. शुभम लाकडं घेऊन आला, त्याला वास आला आणि तो जागीच थांबला.

"मी नाही खाणार," तो म्हणाला.

"कावून रे बाबू?" बेबीताईने विचारलं.

"बाबा गेले त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. तुमाले तं माहीत आहे, त्या दिवशी पिठलं-भाकर शेजाऱ्यायच्या घरून येते. सेक्टरमध्ये असतो तं क्वार्टरायची अख्खी लाईन आली असती. आता राहतो स्मृति नगरमध्ये, तिथं आम्हाले कोण ओळखते? मले वाटलं, ऑफिसवाले येतील. दरवाज्याकडे पाहून राहिलो होतो. और आया क्या? मेसेज."

तो मेसेज रेणूनेच पाठवला होता, दोन कामांच्या मधे.

"'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत,'" शुभम म्हणाला. "गिऱ्हाइकांसाठी मीच लिहून ठेवला होता, मॅडम. बाबाचं नाव टाकून मलेच आला."

"मी घरी याले पाहिजे होतं, शुभम."

"हो. याले पाहिजे होतं."

रेणूने एकही सबब सांगितली नाही. तिने हळूच विचारलं, "कसे होते रे बाबा?"

शुभम चुलीजवळ बसला. "प्लांटमध्ये एवढी मोठी क्रेन चालवत, पण घरी स्टुलावर चढून बल्ब लावाले भ्यायचे!" तो हसला, रेणूही हसली, आणि हसता हसता तो रडायला लागला. रेणूचा हात थांबला. पिठलं माझ्या बुडाला लागलं, करपलं. मला चटका बसत होता, पण मी हूं की चूं केलं नाही. बेबीताईने गुपचूप लाकडं मागे ओढली.

निघायच्या दिवशी रेणूने बेबीताईकडून पुन्हा पिठलं आणि भाकरी करून घेतल्या. गाडी ऑफिसला न जाता स्मृति नगरला गेली. शुभमच्या आईने दार उघडलं, माझ्यात पाहिलं, आणि ती काही न विचारता उंबऱ्यापाशीच बसून रडली. मलाही भरून आलं, मित्रांनो.

जरा वेळाने तिने डोळे पुसले. "तुम्ही याच्या मॅडम ना? पोट्टा नोकरी सोडून राहिला म्हणे. त्याच्यासाठी आल्या का?"

"नाही मावशी. ते त्याचं तो पाहीन. मी बाबांसाठी आली."

आई उठली. तिने ताटं मांडली आणि रेणूला आपल्या बाजूला बसवलं. पिशवीत मोबाईल वाजत होते, कोणी उठलं नाही. शुभमने दोनदा पिठलं मागून घेतलं.

पुढे त्याने नोकरी सोडली की नाही, मला ठाऊक नाही. मी परत मंडळाच्या खोलीत आलो. पण मित्रांनो, या म्हाताऱ्या गंजाचं एवढं ऐका. कोणाच्या घरी दुःख झालं तर मेसेज जरूर पाठवा, पण मागोमाग तुम्हीही जा. उशीर झाला असेल तरी जा. आणि हो, मला न्यायचं असेल तर एकट्याने येऊ नका. मी फार जड आहे, उचलायला दोघं लागतात.