पदक आणि ठपका

बर्फाच्या कारखान्यातल्या ऑपरेटरला एकाच आठवड्यात दोन गोष्टी मिळाल्या. सरकारने त्याला शौर्यपदक जाहीर केलं आणि कारखान्याने लेखी ठपका दिला. दोन्ही एकाच कामाबद्दल. बायकोने ठपक्याला चौकट करून तो बाहेरच्या खोलीत लावला.

झालं होतं असं. अमोनियाच्या पाइपचा जोड सुटला, मशीनरूम वायूने भरली आणि ‘हलक्या’ नावाचा फिटर आत अडकला. हलक्या वजनाला दोन माणसांएवढा. ऑपरेटरने ओलं गोणपाट तोंडाला गुंडाळलं, आत घुसून व्हॉल्व्ह बंद केला आणि हलक्याला पाय धरून फरफटत बाहेर आणला. शुद्धीवर येताच हलक्याने डोकं उंबऱ्यावर आपटल्याची तक्रार केली.

ठपका नियम मोडल्याचा होता. मशीनरूममध्ये जाणाऱ्याने दारातल्या माणसाला ‘आत चाललो’ म्हणायचं आणि समोरून ‘ऐकलं’ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ही सवय ऑपरेटरच्या अंगात इतकी मुरली होती, की तो घरी न्हाणीघराशीही ‘आत चाललो’ म्हणून खोळंबायचा. त्या दिवशी मात्र तो अवाक्षर न काढता घुसला. आणि त्या दारावर ‘ऐकलं’ म्हणायचं काम होतं त्याच्याच बायकोचं. ती दाराशेजारी माल मोजून द्यायच्या खिडकीवर कामाला होती, आणि पाठमोरी असल्याने तिला तो आत घुसलेला दिसलाच नाही.

तेव्हापासून तिने अबोला धरला. निरोप सासऱ्यांमार्फत जायचे. “बाबा, तुमच्या शूरवीराला सांगा, पान वाढलंय.” सासरे निरोप पोचवताना पदरचं तिखटमीठ लावत, त्यामुळे समेट काही होईना. ऑपरेटरला पदकाचं सोयरसुतक नव्हतं. तिने समोर येऊन एक शिवी हासडली असती, तरी तो भरून पावला असता.

समारंभाला ती ठेवणीतले कपडे घालून आली, पण बसली नवऱ्यापासून दोन खुर्च्या सोडून. मोठ्या साहेबांनी पदक लावलं आणि तिला मंचावर बोलावून माइक दिला. अभिमान वाटतो ना, असं त्यांनी कौतुकाने विचारलं.

“वाटतो,” ती म्हणाली. “पण मी याच्याशी बोलत नाही.”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ऑपरेटरचा धीर सुटला.

“सांगितलं असतं तर तू ‘नको’ म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते,” ती गर्रकन त्याच्याकडे वळली. “आणि तू तरीही गेला असतास. पण तू आत आहेस, एवढं तरी मला कळलं असतं ना? मी मेली तुला साऱ्या आवारात शोधत होते.”

“चुकलो,” तो म्हणाला.

मग बांध फुटला. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं: गळका नळ, हलक्याच्या बायकोने आभार म्हणून आणलेलं भलंमोठं घड्याळ, त्याचं घोरणं. माइक चालूच होता. ऑपरेटर छातीवर पदक घेऊन लग्नातल्यासारखा लाजत ऐकत राहिला. साहेबांनी पुढच्या पदकवाल्याला खुणेने खाली बसायला सांगितलं आणि स्वतःसाठी खुर्ची मागवली.